द्राक्षगर्भानंतरची तपासणी : एका दुर्मिळ कर्करोगाला वेळीच अटकाव

स्त्रियांच्या कर्करोगाचा विषय निघाला की गर्भाशयमुखाचा आणि स्तनाचा कर्करोग हे दोन प्रमुख रोग डोळ्यांसमोर येतात. शिबिरे, भित्तिपत्रके आणि व्याख्याने यांच्याद्वारे या रोगांची माहिती आता खेडोपाडी पोहोचली आहे. परंतु गर्भधारणेशीच निगडित असलेला आणि मुख्यतः मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना गाठणारा आणखी एक कर्करोग आहे. त्याचे नाव कोरिओकार्सिनोमा. तो दुर्मिळ असल्याने त्याची चर्चा फारशी होत नाही. त्याची वाढ अतिशय वेगाने होते. तथापि, तो वेळीच ओळखला गेला तर जवळजवळ पूर्णपणे बरा होतो, आणि बरी झालेली स्त्री पुढे मातृत्वही अनुभवू शकते. एका रोगाच्या ठायी असलेल्या या दोन टोकांमधील अंतर पुष्कळदा काही आठवड्यांचेच असते. या आठवड्यांत नियमितपणे करावयाची एक साधी रक्ततपासणी हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

सर्वांची तपासणी की निवडक स्त्रियांची ?

रोगाची लक्षणे दिसण्यापूर्वीच त्याचा शोध घेण्यासाठी जी तपासणी केली जाते, तिला चाळणी तपासणी म्हणतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत अशी तपासणी किती उपयुक्त ठरते, याचा पुरावा महाराष्ट्रातच मिळाला आहे. धाराशिव (त्या वेळचा उस्मानाबाद) जिल्ह्यात १९९९ मध्ये सुरू झालेल्या पाहणीत ३० ते ५९ वर्षे वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा समावेश होता. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीमुळेही या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी झाल्याचे त्यातून दिसून आले.

प्रत्येक कर्करोगाला मात्र हा उपाय लागू पडत नाही. रोग जितका विरळ, तितकी सरसकट तपासणीत हाती काही न लागण्याची शक्यता अधिक. उलट, निरोगी स्त्रियांच्या मनात विनाकारण धास्ती निर्माण होते आणि अनावश्यक शस्त्रक्रियाही होतात. बीजांडकोशाच्या कर्करोगाबाबत ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांची पाहणी करण्यात आली. तपासणीमुळे मृत्यू कमी झाल्याचे आढळले नाही, असा तिचा निष्कर्ष २०२१ मध्ये जाहीर झाला.

कोरिओकार्सिनोमा तर याहूनही विरळ आहे. त्यासाठी गावातील सर्व स्त्रियांचे रक्त तपासण्यात काहीच अर्थ नाही. परंतु या रोगाचे एक वैशिष्ट्य असे की, तो कोणत्या स्त्रियांना होण्याचा संभव सर्वांत जास्त आहे, हे आधीच ठाऊक असते. ज्या स्त्रीला द्राक्षगर्भ राहिला होता, ती या गटात मोडते. त्यामुळे तपासणी हजारो स्त्रियांची करावी लागत नाही. एका स्त्रीचीच, पण खंड न पडू देता करावी लागते.

द्राक्षगर्भ म्हणजे काय ?

गर्भधारणेत सामान्यतः गर्भाबरोबरच त्याचे पोषण करणारी वारही वाढत असते. क्वचित प्रसंगी बीजफलनातच दोष राहतो. स्त्रीबीजातील गुणसूत्रे नाहीशी झालेली असतात आणि केवळ पुरुषाकडून आलेल्या गुणसूत्रांवरच वाढ सुरू होते. अशा वेळी गर्भ मुळीच तयार होत नाही. वारेच्या पेशी मात्र बेसुमार वाढतात आणि त्यांना पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचे रूप येते. हे फोड द्राक्षांच्या घोसासारखे दिसतात, म्हणून या विकृतीस द्राक्षगर्भ असे म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात मोलर प्रेग्नन्सी किंवा व्हेसिक्युलर मोल असे शब्द येतात, ते याच विकृतीचे. वर वर्णन केलेला प्रकार हा पूर्ण द्राक्षगर्भ होय. दुसऱ्या प्रकारात एका स्त्रीबीजाशी सहसा दोन शुक्राणूंचा संयोग होतो आणि सदोष गर्भाचा काही अंशही आढळतो. त्यास अपूर्ण द्राक्षगर्भ म्हणतात.

या विकृतीचे प्रमाण ढोबळमानाने हजार गरोदरपणांत एक असे सांगता येईल. एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात वर्षाला सुमारे पाचशे गरोदरपणे होतात असे धरले, तर दोन वर्षांत अशी एखादीच स्त्री आढळेल. फार कोवळ्या वयात आणि चाळिशीनंतर राहिलेल्या गर्भात हे प्रमाण वाढते.

पाळी चुकल्यानंतर काही आठवड्यांनी अंगावरून रक्त जाणे हे याचे नेहमीचे लक्षण आहे. उलट्यांचा त्रास नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त असणे, दिवसांच्या मानाने पोट मोठे दिसणे, पाच महिने भरण्याआधीच रक्तदाब वाढणे, तसेच द्राक्षासारखे फोड पडणे ही इतर लक्षणे होत. सोनोग्राफीची सोय झाल्यापासून पुष्कळदा ही लक्षणे उद्भवण्यापूर्वीच निदान होते.

द्राक्षगर्भ म्हणजे कर्करोग नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. तो कोणाच्या शापाने, दृष्ट लागल्याने किंवा ग्रहणाचे नियम न पाळल्याने होत नाही. स्त्रीच्या वागणुकीशीही त्याचा संबंध नसतो. पूर्ण द्राक्षगर्भातील सर्व गुणसूत्रे पुरुषाकडून आलेली असतात, एवढी एकच गोष्ट लक्षात घेतली तरी घरातील सुनेला बोल लावणे किती चुकीचे आहे, हे उमगेल. अर्थात दोष पुरुषालाही देता येत नाही, कारण हा निसर्गातील एक अपघात आहे.

पिशवी साफ झाली, पण काम संपले नाही

निदान झाल्यावर रुग्णालयात भूल देऊन शोषणयंत्राच्या साहाय्याने गर्भाशय रिकामे करण्यात येते. बोलीभाषेत यालाच पिशवी साफ करणे म्हणतात. रक्तस्राव थांबतो, अशक्तपणा हळूहळू कमी होतो आणि स्त्री घरी परतते. आता सारे संपले, अशी तिची व घरच्यांची स्वाभाविक समजूत होते. खरी दक्षता मात्र येथूनच सुरू व्हावयास हवी.

पूर्ण द्राक्षगर्भ काढून टाकलेल्या १०० स्त्रियांपैकी सुमारे १५ ते २० जणींच्या शरीरात वारेच्या काही पेशी शिल्लक राहून पुन्हा वाढू लागतात आणि त्यांना औषधोपचार द्यावे लागतात. अपूर्ण द्राक्षगर्भात हे प्रमाण शंभरात पाचाहूनही कमी आहे. अशा सर्वच स्त्रियांना कोरिओकार्सिनोमा झालेला असतो असे नाही. बहुतेकींच्या बाबतीत वाढ गर्भाशयापुरतीच राहते. परंतु काहींमध्ये त्या पेशी खऱ्या अर्थाने कर्करोगी बनतात. वारेच्या पेशींचा रक्तवाहिन्यांत शिरण्याचा मूळ स्वभावच असल्याने हा रोग रक्तावाटे फुप्फुसे, यकृत आणि मेंदू यांपर्यंत लवकर पोहोचतो.

मग ज्या ८० जणींना काहीच होणार नाही आणि ज्या २० जणींना उपचार लागणार आहेत, त्यांच्यातील फरक ओळखावयाचा कसा ? बाह्य लक्षणांवरून तो सांगता येत नाही. तो सांगते रक्ततपासणी.

एका संप्रेरकाची साक्ष

वारेच्या पेशी एचसीजी नावाचे संप्रेरक तयार करतात. गरोदरपणाची खात्री करण्यासाठी जी लघवीची चाचणी केली जाते, ती याच संप्रेरकाचा शोध घेते. द्राक्षगर्भात त्याचे रक्तातील प्रमाण फार वाढते आणि कित्येकदा एक लाख एककांच्याही पुढे जाते. गर्भाशय रिकामे झाल्यावर ते झपाट्याने उतरू लागते आणि बहुतेक स्त्रियांत दोन ते तीन महिन्यांच्या आत ५ एककांच्या खाली, म्हणजे गरोदर नसलेल्या स्त्रीच्या पातळीवर येते.

हा उतार अखंड चालू राहिला तर काळजीचे कारण नाही. परंतु आकडा उतरता उतरता एकाच पातळीवर अडून राहिला, अथवा पुन्हा चढू लागला, तर शरीरात वारेच्या पेशी जिवंत आहेत असा त्याचा अर्थ होतो. सलग तीन आठवड्यांतील चार तपासण्यांत आकडा अडलेला असणे, किंवा दोन आठवड्यांतील तीन तपासण्यांत तो चढता असणे, ही उपचार सुरू करण्याची खूण मानली जाते. त्या वेळी स्त्रीला पुष्कळदा कोणताही त्रास जाणवत नसतो. म्हणूनच एकदाच तपासलेल्या रक्ताचा उपयोग मर्यादित आहे, तर सलग नोंदविलेले आकडे बहुमोल आहेत.

या ज्ञानामागील इतिहास

या आकड्याचे महत्त्व वैद्यकास सहजासहजी पटले नाही. १९५० च्या दशकाच्या आरंभापर्यंत शरीरात पसरलेला कोरिओकार्सिनोमा म्हणजे काही महिन्यांतच मृत्यू, असे समीकरण होते. अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत काम करणारे डॉ. मिन चिऊ ली आणि डॉ. रॉय हर्ट्झ यांनी मेथोट्रेक्झेट हे औषध या रोगावर वापरून पाहिले आणि १९५६ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. फुप्फुसांतील गाठी विरघळून गेल्याचे क्ष-किरण चित्रांत दिसून आले.

तथापि, गाठी दिसेनाशा झाल्यावरही रक्तातील संप्रेरक पूर्णपणे नाहीसे झालेले नव्हते. ते नाहीसे होईपर्यंत औषध चालू ठेवले पाहिजे, असा डॉ. ली यांचा आग्रह होता. जो रोग डोळ्यांना दिसत नाही त्यावर विषारी औषध देत राहणे अनेकांना अनुचित वाटले आणि डॉ. ली यांना ती संस्था सोडावी लागली. पुढे काळाने त्यांची बाजू खरी ठरविली. ज्या रुग्णांचे औषध लवकर थांबविण्यात आले त्यांचा रोग उलटला आणि ज्यांचे औषध आकडा पूर्ण उतरेपर्यंत चालू राहिले त्या बऱ्या झाल्या. शरीरात पसरलेला घन स्वरूपाचा कर्करोग केवळ औषधांनी बरा होऊ शकतो, हे यावरून प्रथमच सिद्ध झाले. १९७२ मध्ये डॉ. ली व डॉ. हर्ट्झ हे दोघेही लास्कर पुरस्काराचे मानकरी ठरले.

या औषधाच्या जन्मकथेशी एका भारतीय शास्त्रज्ञाचे नाव जोडलेले आहे. आंध्र प्रदेशातील भीमावरम येथे १८९५ मध्ये जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेचे संशोधनप्रमुख होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे फॉलिक आम्लाच्या कार्यास विरोध करणारी जी रसायने तयार झाली, त्यांपैकीच मेथोट्रेक्झेट हे एक होय.

ब्रिटनने या ज्ञानाला व्यवस्थेची जोड दिली. तेथे १९७३ मध्ये द्राक्षगर्भाच्या रुग्णांची राष्ट्रीय नोंदणी सुरू झाली. स्त्रीचे उपचार कोणत्याही गावी झालेले असोत, तिचे नाव लंडन, शेफील्ड किंवा डंडी येथील केंद्रांपैकी एकाकडे नोंदविले जाते. त्यानंतर ठरावीक दिवशी नमुना पाठविण्याची सूचना तिला मिळते आणि तिचा नमुना टपालाने केंद्राकडे जातो. नमुना आला नाही तर तिची विचारणा होते. या पद्धतीमुळे तेथे उपचार लागणाऱ्या जवळजवळ सर्व स्त्रिया बऱ्या होतात. ही योजना मुख्यतः नोंदवही आणि टपाल यांच्या आधारावर उभी राहिली, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

तपासणीचे वेळापत्रक

तपासणीचा नेमका क्रम उपचार करणारे डॉक्टर ठरवितात. सर्वसाधारणपणे आकडा सामान्य पातळीवर येईपर्यंत दर एक किंवा दोन आठवड्यांनी रक्त तपासले जाते. त्यानंतर काही महिने दरमहा तपासणी चालते. पूर्ण द्राक्षगर्भात हा काळ तीन ते सहा महिन्यांचा असतो, तर अपूर्ण द्राक्षगर्भात तो पुष्कळ कमी असू शकतो. म्हणून काढलेल्या भागाची प्रयोगशाळेत तपासणी होणे आवश्यक आहे. तिचा अहवाल स्त्रीने जपून ठेवला पाहिजे.

या काळात पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

पहिली गोष्ट, डॉक्टरांनी अनुमती देईपर्यंत पुन्हा दिवस राहू देऊ नयेत. नव्या गर्भामुळेही एचसीजी वाढते आणि वाढ गर्भाची की रोगाची, हे कळेनासे होते. निरोध किंवा गर्भनिरोधक गोळ्या या काळात वापरता येतात. तांबी मात्र आकडा सामान्य होईपर्यंत बसवू नये.

दुसरी गोष्ट, तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी, म्हणजे आकड्यांची तुलना बिनचूक होते.

तिसरी गोष्ट, घरी करावयाच्या लघवीच्या चाचणीवर विसंबू नये. ती केवळ होय किंवा नाही एवढेच सांगते. संप्रेरकाचे प्रमाण अतिशय जास्त असेल तर ती चाचणी क्वचित फसू शकते आणि चुकीचे नकारार्थी उत्तर देऊ शकते. संप्रेरकाचे नेमके प्रमाण सांगणारी बीटा एचसीजी ही रक्ताचीच चाचणी करून घ्यावी.

चौथी गोष्ट, गर्भाशय काढून टाकले असले तरी ही तपासणी टाळता येत नाही. पेशी त्यापूर्वीच अन्यत्र पोहोचलेल्या असू शकतात.

आकडा अडला किंवा चढला तर घाबरून जाण्याचे कारण नाही. सौम्य स्वरूपाच्या रोगात मेथोट्रेक्झेटची इंजेक्शने ठरावीक अंतराने दिली जातात. केस गळण्याचा त्रासही सहसा होत नाही. अशा जवळजवळ सर्व स्त्रिया पूर्णपणे बऱ्या होतात. रोग अधिक पसरला असल्यास अनेक औषधे एकत्र द्यावी लागतात. तेव्हाही बहुसंख्य स्त्रिया वाचतात, पण उपचार अधिक कष्टाचे आणि दीर्घकाळ चालणारे असतात. उपचारांनंतर साधारण एक वर्ष थांबून गर्भधारणेचा विचार करता येतो. एकदा द्राक्षगर्भ राहिलेल्या स्त्रीला पुन्हा तो राहण्याची शक्यता शंभरात एक-दोन इतकीच असते.

साखळी तुटते कोठे ?

औषध आहे, चाचणी आहे आणि यशाची जवळजवळ खात्रीही आहे. तरीही रोग वाढलेल्या अवस्थेत स्त्रिया रुग्णालयात येतात, याचे कारण रुग्णालय आणि घर यांमधील वाटेवर शोधावे लागते. अंगावरून जाणे थांबले, आता दवाखाना कशाला, हा विचार घरात प्रबळ असतो. जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यात एक दिवसाची मजुरी बुडते आणि बसभाड्याचा भार पडतो. ऊसतोडणीच्या हंगामात कुटुंब सहा-सहा महिने गावाबाहेर असते. गर्भ गेल्यावर सून माहेरी जाते आणि तपासणीचा कागद सासरी राहतो. गर्भपाताविषयी उघड बोलण्याचा संकोच तर सर्वत्रच असतो. लवकर मूल व्हावे म्हणून वडीलधाऱ्यांचा आग्रह सुरू होतो आणि तपासणी अपुरी असतानाच पुन्हा दिवस राहतात.

यांपैकी एकही अडचण वैद्यकीय स्वरूपाची नाही. म्हणूनच ती दूर करण्यात गावातील जबाबदार व्यक्तींचा वाटा मोठा आहे.

गावपातळीवर काय करता येईल ?

द्राक्षगर्भाचे निदान झालेल्या स्त्रीची माहिती आरोग्यसेविकेच्या व आशा स्वयंसेविकेच्या नोंदवहीत गरोदर मातेइतक्याच काळजीने राहिली पाहिजे. गर्भपात झाला म्हणजे ती स्त्री नोंदवहीतून वगळली जाते. या स्त्रीच्या बाबतीत तसे होता कामा नये. तारीख, आकडा आणि पुढील तपासणीचा दिवस असे तीन रकाने असलेला साधा तक्ता तिच्याजवळ असावा. कुटुंब स्थलांतर करणार असेल तर तो तिच्याबरोबर जावा. तो पाहून दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनाही पुढील तपासणी चालू ठेवता येईल.

पंचायत सदस्यांना, विशेषतः महिला सदस्यांना, ग्राम आरोग्य समितीच्या द्वारे अशा स्त्रीच्या प्रवासाची सोय पाहता येईल. नमुना गावाजवळच्या रुग्णालयात घेऊन जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठविता येतो का, याची चौकशी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे करता येईल. त्यामुळे तिची फेरी वाचेल. उपचारांची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील रसायनोपचारांचा समावेश आहे, ही माहिती कुटुंबाला वेळेवर मिळाली पाहिजे. मात्र हे सर्व करताना त्या स्त्रीचे नाव चावडीवर चर्चेस येणार नाही, याची दक्षता घ्यावी. तिच्या आजाराची माहिती तिच्या संमतीने आणि आवश्यक तेवढ्यांनाच असावी.

शिक्षकांचा शब्द गावात मानला जातो. माता-पालक मेळाव्यात या विषयाची शास्त्रीय माहिती त्यांनी दिली, तर दृष्ट आणि शाप यांविषयीचे गैरसमज दूर होण्यास मदत होईल. कर्करोग या शब्दाची अकारण भीती न घालता, तपासणी का करावयाची हे सांगणे अधिक इष्ट ठरेल.

आणखी एक बाब सर्वांनीच ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कोरिओकार्सिनोमाच्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्या स्त्रियांनाच आधी द्राक्षगर्भ झालेला असतो. उरलेल्या स्त्रियांत तो साध्या गर्भपातानंतर, क्वचित सुखरूप बाळंतपणानंतरही उद्भवतो. म्हणून बाळंतपण किंवा गर्भपात होऊन दीड महिना उलटल्यावरही अंगावरून रक्त जात असेल, तर एचसीजीची तपासणी करून घ्यावी. तरुण स्त्रीला खोकल्यातून रक्त पडू लागले आणि गेल्या काही महिन्यांत तिचे बाळंतपण वा गर्भपात झालेला असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. अशा वेळी क्षयाची तपासणी व्हावीच, पण तिच्या जोडीला ही चाचणीही व्हावी.

रोग दुर्मिळ असला तरी तो जिला होतो, ती स्त्री कोणाच्या तरी घरातील विशी-तिशीतील सून, मुलगी किंवा लहान मुलांची आई असते. तिला वाचविण्यासाठी नव्या औषधाच्या शोधाची वाट पाहावयाची नाही. ठरलेल्या दिवशी तिचे रक्त तपासले जावे, आकडा कागदावर लिहिला जावा, आणि ती आली नाही तर कोणीतरी तिच्या दारी जाऊन विचारपूस करावी. दोन वर्षांत एखाद्याच वेळी करावे लागणारे हे काम आहे. ते चुकविले न गेल्यास या रोगाने होणारे मृत्यू बव्हंशी टाळता येतील.